नजर कागदावर, बोटं बटणांवर

गेल्या महिन्यात माझ्याकडे शिकायला येणारी एक मुलगी दूध संस्थेच्या रजिस्टरवरून आकडे शीटमध्ये भरत होती. बी.कॉम. झालेली, हुशार, एक्सेलचा कोर्स केलेली. मी तिच्या मागे उभी राहून पाहत होते. ती रजिस्टरमधला आकडा वाचायची, टाइप करायची, मग उजवा हात उचलून माउसवर न्यायची, पुढच्या सेलवर बाण आणून क्लिक करायची, हात परत कीबोर्डवर आणायची आणि मग रजिस्टरमध्ये आपली ओळ शोधायची. एका सभासदाच्या ओळीत पाच आकडे. पाच वेळा हात उचलायचा, पाच वेळा ओळ हरवायची आणि पुन्हा शोधायची. चाळिसाव्या ओळीपर्यंत येता येता तिने एका सभासदाचं फॅट खालच्या सभासदाच्या नावावर टाकलं होतं. तिच्या ते लक्षात आलं नाही. मी तिला दोष देत नाही. सेलमधून सेलमध्ये जायला माउस लागतच नाही, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेत मी २९ वर्षं हिशेब लिहिले. निम्मी वर्षं कागदावर, निम्मी कॉम्प्युटरवर. निवृत्त झाल्यापासून घराच्या सोप्यात तीन कॉम्प्युटर मांडून गावातल्या मुला-मुलींना हिशेबाचं काम शिकवते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं कुठला ना कुठला कोर्स करून आलेली असतात. त्यांना तक्त्याला रंग देता येतो, आलेख काढता येतो, सूत्रंही थोडीफार येतात. पण शीटवर चालायचं कसं, हे येत नाही. बाणाची बटणं, टॅब, एन्टर, कंट्रोल, एफ-२ यांच्या मदतीने आकड्यांच्या पानावर फिरणं ही या कामाची पहिली इयत्ता आहे. ती गाळून आपण मुलांना थेट पाचवीत बसवतो. हे थांबायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी टाइपिंग शिकले ते १९८७ साली, तालुक्याच्या गावी, एका टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटमध्ये. महाराष्ट्रातल्या माझ्या पिढीच्या हजारो मुला-मुलींना नोकरीचं दार याच खोल्यांनी उघडून दिलं. आमचे सर पहिले पंधरा दिवस एकच गोष्ट सांगायचे : हाताकडे बघायचं नाही. नजर कागदावर. मान खाली गेली की ते टेबलावर पेन्सिल आपटायचे. मिनिटाला ३० शब्द, मग ४० शब्द, अशा परीक्षा द्यायच्या. त्या वेगाचं मूळ नजर न हलवण्यात होतं. टाइपरायटर गेले, त्या इन्स्टिट्यूटमध्ये कॉम्प्युटर आले, परीक्षाही कॉम्प्युटरवर होऊ लागली. शब्दांच्या बाबतीत ती शिस्त आपण टिकवली. आकड्यांच्या बाबतीत मात्र ती कधी लावलीच नाही. खरं तर तिची गरज आकड्यांना जास्त आहे. शब्द चुकला तर वाचणाऱ्याला कळतं. ४.२ च्या जागी ४.७ पडलं तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

बटणांनी चालणं ही स्प्रेडशीटची जन्मापासूनची रीत आहे. डॅन ब्रिकलिन हे १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. फळ्यावर मांडलेल्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे पाहून त्यांना या साधनाची कल्पना सुचली. हातातला कॅल्क्युलेटरच माउससारखा टेबलावर फिरवता येईल, असं त्यांच्या मनात आधी होतं. कॉम्प्युटरवर नमुना तयार करताना त्यांनी ॲपल-२ वरच्या खेळाच्या पॅडलने कर्सर हलवून पाहिला. पॅडल मंद चालायचं आणि कर्सर थरथरायचा. तेव्हा त्यांनी पॅडल बाजूला ठेवलं आणि बाणाची बटणं घेतली. बॉब फ्रँक्स्टन यांनी प्रोग्राम लिहिला आणि १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क बाजारात आला. त्या ॲपल-२ च्या कीबोर्डवर बाण दोनच होते, डावा आणि उजवा. वर-खाली जायचं असेल तर स्पेसबार दाबायचा. मग तेच दोन बाण वर आणि खाली नेत. हातात दोनच बाण असतानाही त्यांनी मार्ग काढला तो बटणांतूनच. मुलांना मी हे नेहमी सांगते. पुढे लोटस १-२-३ आला, एक्सेल आला. आज एक्सेल असो, गुगल शीट्स असो किंवा फुकट मिळणारं लिब्रेऑफिस, कंट्रोल आणि बाण एकत्र दाबले तर तिन्हीकडे एकच घडतं. एकदा शिकलेलं कुठेही चालतं.

माउसच्या बाजूचं म्हणणंही मला मान्य आहे. १९८४ च्या पहिल्या मॅकिन्टॉशच्या कीबोर्डवर बाणाची बटणंच ठेवली नव्हती. लोकांनी बोट दाखवावं तसं पडद्यावर दाखवावं, असा त्यामागे विचार होता. ज्याने कॉम्प्युटर कधी पाहिलाच नाही, त्याला बोट दाखवणं सोपं जातं. लाखो लोकांची भीती माउसने घालवली, हेही खरं. पण १९८६ च्या मॅकिन्टॉश प्लसच्या कीबोर्डवर बाण आले आणि आकड्यांच्या बटणांचा वेगळा गठ्ठाही आला. ओळख करून घ्यायला माउस चांगला. रोज चारशे ओळी भरणाऱ्या माणसाचं काम वेगळं असतं आणि त्याची हत्यारंही वेगळी असतात.

ते काम कसं चालतं, जवळून सांगते. आमच्या शीटमध्ये ओळीला एक सभासद. रकाने असे : कोड नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर. रक्कम सूत्राने येते. रजिस्टर डाव्या हाताला, तिरकं ठेवलेलं. डाव्या हाताचं पहिलं बोट रजिस्टरमधल्या ओळीवर, अंगठ्याकडची बाजू कीबोर्डच्या टॅबजवळ. उजवा हात आकड्यांच्या गठ्ठ्यावर, मधलं बोट ५ वर. त्या ५ वर एक बारीक उंचवटा असतो. एफ आणि जे या अक्षरांवरही तसाच असतो. हात जागेवर आहे की सरकला, ते न बघता कळावं म्हणून तो ठेवलेला आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी तो उंचवटा कधी बोटाला लागलेलं मूल मला अजून भेटलं नाही.

आता भरायला लागा. कोड, टॅब. लिटर, टॅब. फॅट, टॅब. एसएनएफ, टॅब. दर, एन्टर. एन्टर दाबताच कर्सर आपण होऊन खालच्या ओळीत पहिल्या रकान्याशी जाऊन उभा राहतो, कारण जिथून टॅबने निघालो ती जागा शीट लक्षात ठेवतं. मध्येच बाणाचं बटण दाबलं की ती आठवण पुसली जाते आणि एन्टर सरळ खालच्या सेलमध्ये जातो. म्हणून ओळ सुरू केली की टॅबनेच पूर्ण करायची, असा आमच्याकडे नियम आहे. शिफ्ट-टॅबने एक घर मागे जाता येतं. कुणाला एकेक रकाना वरून खाली भरायचा असेल तर भरायचा भाग आधी निवडून घ्यावा. मग एन्टर त्या निवडलेल्या भागातच फिरतो आणि रकाना संपला की पुढच्या रकान्याच्या डोक्यावर जातो. या सगळ्यात नजर एकदाही पडद्यावर जावी लागत नाही. दहा ओळी झाल्या की मान वर करायची, शेवटच्या ओळीचा कोड रजिस्टरशी ताडून पाहायचा आणि पुढे जायचं.

उजवा हात माउसवर गेला की हे सगळं मोडतं. आकडे लिहिणारा हात आणि माउस धरणारा हात एकच असतो. दिवसाला चारशे ओळी, ओळीला पाच आकडे, म्हणजे दोन हजार वेळा तो हात उचलायचा. वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या बायकांच्या मनगटाचं आणि खांद्याचं दुखणं मी जवळून पाहिलं आहे. त्यांना मलम लावायला सांगतात. टॅबचं बटण दाखवायला कुणी जात नाही.

पण वेग आणि मनगट या गोष्टी माझ्या मनात दुसऱ्या क्रमांकावर आहेत. पहिली गोष्ट आहे तपासणी. बटणांनी शीटवर फिरणाऱ्याला शीट आपल्या चुका स्वतः दाखवतं. २००९ सालच्या फेब्रुवारीतली एक संध्याकाळ मला आठवते. दहा दिवसांचं बिल काढायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी वाटप. ४१२ सभासद. संध्याकाळच्या पाळीचे आकडे भरून झाले होते, एकूण लिटरची बेरीजही आली होती. मी सवयीप्रमाणे लिटरच्या रकान्यात वर गेले आणि कंट्रोल धरून खालचा बाण दाबला. या जोडीचं काम असं की कर्सर भरलेल्या सेलवरून पळत सुटतो आणि पहिल्या रिकाम्या सेलच्या आधी थांबतो. मथळ्याची एक ओळ धरून तो ४१३ वर जायला हवा होता. तो १८७ वर थांबला.

खालचा सेल रिकामा होता. आमच्याकडे दूध आलं नाही तर शून्य लिहायचं, रिकामं सोडायचं नाही, असा मी पहिल्या दिवसापासून घातलेला दंडक होता. शून्य म्हणजे दूध घातलं नाही. रिकामं म्हणजे आपण लिहिलं नाही. बेरजेला या दोन्हींतला फरक कळत नाही, ती दोन्ही सारखीच मोजते. मी रजिस्टर उघडलं. कोड १८७. एका म्हैसवाल्या म्हातारीचं नाव, संध्याकाळचं तीन लिटर दूध. भरताना ती ओळ सुटली होती. ते तीन लिटर राहिले असते तर तिचं त्या दहा दिवसांचं बिल कमी आलं असतं. तेवढ्यावर थांबलं नसतं. दिवाळीला वर्षभराच्या लिटरवर जो दूध फरक मिळतो, त्यातही ते तीन लिटर धरले गेले नसते. तिला चिठ्ठी वाचता येत नव्हती. दिलेले पैसे पदराला बांधून ती घरी जायची. चूक झाली असती तर तिने ती कधी दाखवली नसती, कारण तिला ती दिसलीच नसती. चूक पाहण्याची जबाबदारी सगळी आमची होती.

माउसने त्या रकान्यावरून घसरत खाली गेले असते तर ४१२ आकड्यांच्या भिंतीतली ती एक फट नजरेला दिसली असती का? कदाचित दिसली असती. कदाचितवर मी दुसऱ्याच्या दुधाचे पैसे सोडू शकत नाही.

ही पद्धतही डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखी नाही, हे मुलांना मी त्याच वेळी सांगते. कुणी आकडा पुसायला स्पेसबार दाबला असेल तर सेल दिसतो रिकामा, पण आत एक मोकळी जागा बसलेली असते आणि कंट्रोल-बाण तिच्यावरून निघून जातो. म्हणून पुसायचं ते डिलीटनेच. फॅट भलत्याच नावावर पडलं असेल तर तेही बाणाने कळणार नाही. त्याला ओळीवरचं बोटच हवं. आणि शोभेसाठी मध्येच रिकामी ओळ सोडायची, दोन-तीन सेल जोडून मोठा मथळा करायचा, ही सवय आपल्या कार्यालयांत फार आहे. प्रत्येक रिकामी ओळ बाणाला अडवते, प्रत्येक जोडलेला सेल वाट मोडतो. शीट बघायला सुंदर होतं आणि तपासायला निकामी. मथळा एका ओळीत, त्याखाली सलग आकडे, एवढं जमलं तरी खूप झालं.

अशाच कामाच्या आणखी काही जोड्या. कंट्रोल-होम दाबलं की शीटच्या सुरुवातीला, कंट्रोल-एन्ड दाबलं की शेवटच्या वापरलेल्या सेलवर. एकदा आमच्या ४१३ ओळींच्या शीटवर कंट्रोल-एन्डने मला ४,००९ व्या ओळीवर नेलं. तिथे कुणाच्या तरी हातून पडलेलं एक टिंब होतं. त्या एका टिंबामुळे प्रिंटर कोऱ्या कागदांचा ढीग काढत होता आणि सगळे प्रिंटरला नावं ठेवत होते. एफ-२ दाबलं की सेलच्या आतला मजकूर दुरुस्त करता येतो. ते न दाबता बाण दाबला तर कर्सर सेल सोडून जातो. सध्या काय चालू आहे, ते खाली डाव्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं : रेडी, एन्टर, एडिट किंवा पॉइंट. तिकडे बघायची सवय लागली की निम्मा गोंधळ मिटतो. दुसऱ्या शीटवर जायला कंट्रोल-पेजडाउन, परत यायला कंट्रोल-पेजअप.

आणि स्क्रोल लॉक. एका ३१ मार्चला आमच्या नव्या कारकुनाच्या हातून ते दाबलं गेलं. बाण दाबला की सगळं शीट सरकायचं आणि सेलची चौकट जागेवरच. त्याने फाइल बंद करून उघडली, दुसरी फाइल उघडली, सगळीकडे तेच. तालुक्याहून दुरुस्तीवाला बोलावला, अर्धा दिवस गेला. एका बटणाचा प्रश्न होता. ज्या लॅपटॉपवर ते बटणच नसतं, तिथे विंडोजचा पडद्यावरचा कीबोर्ड उघडून ते बंद करता येतं. त्या पोराच्या डोळ्यांत वर्षअखेरीच्या दिवशी आलेलं पाणी मी विसरलेले नाही. त्याला हे आधी सांगणं आमचं काम होतं.

कुणी म्हणेल, हे छोट्या गावच्या छोट्या हिशेबांचं झालं. मोठ्यांचं सांगते. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ हे जगातले नामांकित अर्थतज्ज्ञ. देशाचं कर्ज फार वाढलं तर विकास मंदावतो, असं सांगणारा त्यांचा निबंध २०१० मध्ये आला आणि युरोप-अमेरिकेत सरकारी खर्च कमी करण्याच्या वादात त्याचे दाखले दिले गेले. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचं एक्सेल शीट उघडून पाहिलं. सरासरीच्या सूत्रात ३० ते ४९ या ओळी हव्या होत्या, होत्या ३० ते ४४. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश मोजायचे राहिले होते. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांचे त्या निबंधावर आणखीही आक्षेप होते, पण ओळींची ही चूक लेखकांनी मान्य केली. आमच्या म्हातारीचं तीन लिटर दूध आणि हे पाच देश यांत मला फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन पाहायला हवं होतं. कंट्रोल-शिफ्ट-खालचा बाण दाबला तर सलग आकड्यांच्या शेवटच्या ओळीपर्यंत निवड होते. ओढता ओढता बोट कुठे सुटलं, हा प्रश्नच राहत नाही.

आणखी एक कारण मला फार जवळचं वाटतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक दृष्टिहीन तरुण आला. बँकेच्या परीक्षेची तयारी करत होता. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए होतं, पडद्यावरचं वाचून दाखवणारं. ते फुकट मिळतं, ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणाने ते २००६ मध्ये सुरू केलं. बाण दाबला की त्याच्या कानात आकडा आणि सेलचा पत्ता येई. त्याला माउसचा उपयोग शून्य. मी त्याला शिकवायला बसले आणि तासाभरात तोच मला शिकवू लागला. शिफ्ट-स्पेसने ओळ निवडायची, कंट्रोल-स्पेसने रकाना, एफ-५ ने हव्या त्या पत्त्यावर उडी. सगळं शीट त्याच्या डोक्यात नकाशासारखं मांडलेलं होतं. तो अडला एकाच ठिकाणी : कुणीतरी सेल जोडून, रिकाम्या ओळी सोडून सजवलेल्या शीटवर. त्या दिवशी मला कळलं, की बटणांनी चालता येईल असं शीट करणं म्हणजे त्याच्यासाठी दार उघडं ठेवणं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. हक्क कायद्याने मिळतो, पण दार कुणीतरी टेबलाशी बसून उघडावं लागतं.

आपल्याकडे बटणांची ही सवय लागू शकते, याचा पुरावा प्रत्येक बाजारपेठेत आहे. १९८६ पासून बेंगळुरूच्या कंपनीने घडवलेलं टॅली बघा. आडत दुकानातला, खत दुकानातला मुनीम एफ-८ ने विक्री, एफ-९ ने खरेदी, एफ-५ ने पेमेंट लिहितो. इंग्रजीत दोन ओळी बोलता न येणारी माणसंही गिऱ्हाइकाशी बोलता बोलता व्हाउचर संपवतात. त्यांना हे कठीण गेलं नाही, कारण पहिल्या दिवसापासून तसंच शिकवलं गेलं. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या कोर्सने गावोगाव कॉम्प्युटर पोहोचवला, लाखो लोकांची भीती मोडली. एवढं मोठं जाळं आपल्याकडे आहे. त्यावरून आता पुढचं पाऊल टाकायला हवं.

काही जण विचारतात, आता सगळं मोबाइलवर आलंय, उद्या यंत्रच आकडे भरेल, मग बटणं कशाला? यंत्र भरेलही. पण भरलेलं बरोबर आहे का, हे कुणीतरी पाहावंच लागेल, आणि पाहायचं म्हणजे ओळीओळीने चालायचं. भरणारे हात जितके कमी होतील, तितकं तपासणाऱ्याचं काम वाढेल.

म्हणून माझं मागणं थोडकं आणि नेमकं आहे. कुठल्याही क्लासमध्ये एक्सेलचे पहिले आठ तास माउस काढून ठेवावा. सूत्रं आणि आलेख त्यानंतर. परीक्षेत एक प्रश्न असा असावा, की तीनशे ओळींचं शीट द्यायचं आणि त्यातली रिकामी, सुटलेली, भलतीकडे पडलेली नोंद शोधायला सांगायची. कार्यालयांनी आकडे भरणाऱ्यांना आकड्यांचा गठ्ठा असलेला कीबोर्ड द्यावा; लॅपटॉप असेल तर सुटा जोडून द्यावा. आणि सरकारी पोर्टल बनवणाऱ्यांनी, ते लोकांपुढे ठेवण्याआधी, एक अर्ज माउसला हात न लावता भरून पाहावा. मी अलीकडेच एका पोर्टलवर गावातल्या आजोबांचा अर्ज भरत होते. टॅब दाबला की कर्सर नावावरून थेट शेवटच्या खुणेवर जायचा. जन्मतारीख टाइप करता येत नव्हती. दिनदर्शिकेवर क्लिक करत महिना-महिना मागे जायचं होतं, आणि आजोबांचा जन्म १९४६ चा. हे निविदेच्या अटींत एका वाक्याने सुधारता येतं : संपूर्ण अर्ज बटणांनी भरता आला पाहिजे.

आमच्या पिढीने रोजकीर्द आणि खतावणी लिहिली. आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळेपर्यंत घरी जायचं नाही, ही आमची सवय होती. कागदावर बोट ओळीवरून फिरायचं आणि चूक बोटाला सापडायची. शीटवर ते बोट म्हणजे कर्सर. तो आपल्या ताब्यात हवा.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीचा माउस मी दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवला. पहिले चार दिवस ती वैतागली. नमलॉक बंद राहिल्याने आकड्यांऐवजी कर्सरच पळायचा, टॅबऐवजी बोट कॅप्सलॉकवर जायचं. दहाव्या दिवशी तिचं डावं बोट रजिस्टरवर स्थिर झालं. परवा तिने यादी भरून संपवली, मी काही न सांगता रकान्याच्या वर गेली आणि कंट्रोल धरून खालचा बाण दाबला. कर्सर ६४ वर थांबला. तिने पडद्याकडे पाहिलं, रजिस्टरची पानं मागे उलटली, ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, हितं एकाचं राहिलंय."